डोळ्यात उतरलेलं रक्त

रागानं डोळ्यात रक्त उतरतं, असं आपण सहज म्हणून जातो. आम्हा कवींना तर हा प्रयोग फारच जवळचा. रक्ताचे अश्रू आम्ही इतके ढाळले आहेत, की एव्हाना वाचकांना त्याचं काही वाटेनासं झालं असेल. पण आज मला ज्या रक्ताविषयी बोलायचं आहे, ते अलंकारातलं नाही. ते खरंखुरं, थेंब-दोन थेंब रक्त आहे. ते डोळ्याच्या आत, पाठीमागच्या पडद्यावर सांडतं. बाहेर येत नाही, दुखत नाही, समोरच्या माणसाला दिसतही नाही. आणि तरीही एवढंसं रक्त माणसाचं वाचणं, रस्ता ओलांडणं, नातवंडांचे चेहरे ओळखणं थांबवू शकतं.

डोळ्याच्या आतल्या त्या पडद्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. पुस्तकी मराठीत दृष्टिपटल. आपल्या बोलण्यात मात्र नुसता ‘पडदा’. रेटिना या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक नावाच्या वैद्यानं डोळ्यावर दहा प्रकरणं लिहिली आणि जुनं ग्रीक ज्ञान अरबीत आणलं. या पडद्याला अरबी वैद्य ‘शबकिया’ म्हणत. शबका म्हणजे जाळं. पुढे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली, तेव्हा जाळ्याचा लॅटिन शब्द ‘रेते’ घेऊन ‘रेटिना’ तयार झाला. मासे पकडणाऱ्या कोळ्याचं जाळं आणि प्रकाश पकडणारं हे जाळं, दोघांचं काम एकच.

पण हुनैन काय किंवा त्याच्यानंतर दीडेकशे वर्षांनी एकशेतीस नेत्रविकारांची नोंद करणारा बगदादचा अली इब्न ईसा काय, यांपैकी कुणालाही जिवंत माणसाच्या डोळ्यातला हा पडदा पाहता आला नव्हता. बाहुली त्यांना काळीच दिसे. आत रक्त सांडलेलं असो, सूज असो, पडदा सुटलेला असो, बाहेरून सगळं सारखंच. जे दिसत नाही त्याच्यावर इलाज कुठून करणार?

हा इतिहास मी हौसेनं वाचला असं नाही. मी सतरा वर्षांचा मधुमेही आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना उजव्या डोळ्यासमोर काजळीचे धागे तरंगू लागले. तासाभरात त्या धाग्यांचा लालसर धूर झाला आणि ठळक मथळेसुद्धा त्यात बुडाले. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तपासलं, आत रक्त दाट होतं म्हणून सोनोग्राफी करून पडदा जागेवर असल्याची खात्री केली. त्या तरुण बाई मला म्हणाल्या, “काका, घाबरू नका. आपल्याकडे चार वाटा आहेत. थांबायचं, लेसर करायचं, इंजेक्शन द्यायचं किंवा ऑपरेशननं रक्त धुऊन काढायचं. कुठली कधी, ते डोळा सांगेल.”

चार वाटा! ते ऐकताना मला अब्बा आठवले. अब्बा छापखान्यात खिळे जुळारी होते. उलटी अक्षरं सुलट माणसापेक्षा लवकर वाचायचे. १९७८ साली त्यांच्या एका डोळ्यात असंच रक्त उतरलं आणि वर्षभरात दुसऱ्या डोळ्यात. त्यांना एकच वाट सांगितली गेली होती. उशा उंच करून पडून राहा, वाकू नका, ओझं उचलू नका, आणि जीवनसत्त्व ‘क’च्या गोळ्या घ्या. ते पडून राहिले. रक्त थोडं ओसरलं, पुन्हा आलं. पुढची सोळा वर्षं ते बोटांनी पुस्तकाचा कागद चाचपून “हा मॅपलिथो आहे” असं सांगत, पण त्यावर काय छापलंय ते आम्ही त्यांना वाचून दाखवत असू. त्यांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात त्या वर्षी तेवढंच पोचलेलं होतं. पण एका वाटेच्या चार वाटा कशा झाल्या, कुणी केल्या, आणि त्या आमच्या दारापर्यंत यायला किती वेळ लागला, हे मला समजून घ्यायचं होतं. आजचं बोलणं त्याविषयी आहे.

सुरुवात होते १८५० साली, प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग या शहरात. हे शहर आज कालिनिनग्राद या नावानं रशियात आहे. तिथे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ नावाचा एकोणतीस वर्षांचा प्राध्यापक शरीरशास्त्र शिकवत होता. मांजराचे डोळे अंधारात चमकतात, मग माणसाची बाहुली काळी का, हे विद्यार्थ्यांना समजावताना त्याच्या लक्षात आलं, की बाहुलीतून आत गेलेला प्रकाश ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो. पाहणाऱ्यानं त्या वाटेत डोळा लावला तर त्याचंच डोकं दिव्याच्या आड येतं. म्हणून त्यानं काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरून दिव्याचा उजेड आत पाठवला आणि त्याच काचेतून पलीकडे पाहिलं. जिवंत माणसाच्या डोळ्यातला पडदा, त्यावरच्या लाल फांद्यांसकट, समोर होता. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं १८४७च्या सुमारास असंच एक उपकरण बनवलं होतं, पण ज्या नेत्रवैद्याला ते दाखवलं त्याला त्याचं महत्त्व जाणवलं नाही. हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये पुस्तिका छापली आणि नेत्रवैद्यकाचं जग बदललं.

पाच-सहा वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यानं मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर पिवळे ठिपके आणि रक्ताचे डाग पाहिले. येगरचा हात चित्रकाराचा होता. कॅमेरा नव्हता, तेव्हा तो तासन् तास पाहून पडद्याची रंगीत चित्रं काढायचा. पण हे डाग मधुमेहामुळे पडतात, हे म्हणणं सहज मान्य झालं नाही. त्या काळातले सर्वांत मोठे नेत्रतज्ज्ञ, बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी त्यावर शंका घेतली. वाद पुढे अनेक दशकं चालू राहिला. १८९० मध्ये बर्लिनच्याच युलियस हिर्शबर्ग यांनी मधुमेहातल्या पडद्याच्या विकारांची नीट वर्गवारी केली. याच हिर्शबर्गनी पुढे अरबी शिकून अली इब्न ईसाचा ग्रंथ सहकाऱ्यांच्या मदतीनं जर्मनमध्ये आणला. हजार वर्षांपूर्वी ज्याला पडदा दिसला नव्हता त्याचा ग्रंथ, पडद्याचे रोग वर्गवार लावणाऱ्या माणसानं उघडून वाचला. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

इथे एक खास आपल्याकडचा दुवा सांगायला हवा. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स या डॉक्टरनं १८८० आणि १८८२ मध्ये काही तरुण मुलांची नोंद केली. यांना मधुमेह नव्हता. डोळ्यात मात्र पुन्हा पुन्हा रक्त उतरायचं, नाकातून रक्त यायचं आणि बद्धकोष्ठ असायचं. ईल्सनं या तिन्हींची सांगड घातली. पोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त डोक्याकडे दाटतं, असा त्याचा तर्क होता. तर्क टिकला नाही, नाव टिकलं. ‘ईल्सचा आजार’ पुढे पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाला. आज तो प्रामुख्यानं भारतीय उपखंडात दिसतो आणि क्षयरोगाच्या जंतूंशी त्याचा संबंध असावा असं मानलं जातं. विशी-तिशीतल्या धडधाकट मुलाच्या डोळ्यापुढे अचानक काळे धागे आले, तर आपल्याकडचे डॉक्टर हे नाव मनात धरूनच तपासतात.

दिसू लागलं म्हणून बरं करता येऊ लागलं, असं झालं नाही. एकोणिसाव्या शतकातले इलाज म्हणजे कानशिलावर जळवा लावणं, पाऱ्याची मलमं, आयोडाइडची औषधं, अंधारी खोली आणि डोळ्यांवर पट्ट्या. खरं तर मधुमेही माणूस पडद्याचा विकार वाढेपर्यंत फारसा जगतच नसे. मग ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मुलं जगू लागली, मोठी झाली, त्यांचे संसार झाले. आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यात रक्त उतरू लागलं. इन्सुलिननं आयुष्य दिलं, आणि त्या वाढलेल्या आयुष्यात हा विकार घर करून बसला.

आता शास्त्रज्ञ बारकाईनं पाहू लागले. १९४०च्या दशकात ग्लासगोच्या आर्थर बॅलंटाइन यांनी दाखवलं, की खरा बिघाड पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहे. त्यांना फुगवटे येतात, त्या पाझरतात, मग बंद पडतात. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी पुढचं पाऊल टाकलं. रक्त न मिळालेला, उपाशी राहिलेला पडदा काहीतरी रसायन सोडत असावा, आणि त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या उगवत असाव्यात. या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या घरासारख्या कच्च्या. जराशा ताणानं फुटतात आणि डोळ्याच्या पोकळीत रक्त सांडतं. त्या अनोळखी रसायनाला ‘एक्स’ घटक असं नाव पडलं. तो सापडायला अजून चार दशकं लागायची होती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. रक्त हा रोग नाही. रक्त हा रोगाचा निरोप आहे. अब्बांच्या पिढीतला इलाज निरोप पुसत बसला होता. निरोप पाठवणारा मागे तसाच होता.

त्या काळात एक भयंकर इलाजही होऊन गेला. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या याकोब पौल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. बाळंतपणात तिची मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली आणि त्यानंतर तिच्या पडद्याचा विकार ओसरला. झालं. पडदा वाचवण्यासाठी रुग्णांची पिट्युटरी काढायला किंवा किरणोत्सारी कण ठेवून जाळायला सुरुवात झाली. काहींची नजर थांबली, पण उरलेलं आयुष्य संप्रेरकांच्या गोळ्यांवर काढावं लागायचं, आणि काही जण शस्त्रक्रियेतच गेले. १९६०च्या दशकात हा इलाज गंभीरपणे चर्चेत होता. आंधळं होण्याच्या भीतीपायी माणसं कुठवर जायला तयार होती, ते यावरून कळतं.

दुसरी वाट निघाली ती एका सूर्यग्रहणातून. १६ फेब्रुवारी १९८०च्या ग्रहणाच्या दिवशी आम्हा मुलांना दारं-खिडक्या लावून घरात कोंडलं होतं, ते मला आठवतं. आपल्याकडे काजळी धरलेली काच नाहीतर एक्स-रेची फिल्म हेच ग्रहण पाहायचं साधन. जुलै १९४५ मध्ये, युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत, एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं असं काहीही न लावता ग्रहण पाहिलं आणि त्याच्या पडद्याचा मध्यभाग भाजला. त्याला तपासलं गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरनं. त्या भाजल्याचा व्रण पाहताना त्याला दुसरंच काही सुचलं. सूर्य जर पडद्याला असा डाग देऊ शकतो, तर सुटू पाहणारा पडदा प्रकाशानंच डाग देऊन चिकटवता येईल! हॅम्बुर्गच्या इस्पितळाच्या गच्चीवर त्यानं आरसे बसवले आणि सूर्याचा किरण खाली रुग्णाच्या डोळ्यात आणला. १९४९ मध्ये त्यानं हे प्रयोग प्रसिद्ध केले. पण हॅम्बुर्गचं आभाळ कायम ढगाळ. मग कार्बनच्या कांड्यांचा प्रखर दिवा आला, आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाइस कंपनीच्या मदतीनं झेनॉन वायूचा दिवा. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर बनवला, आणि पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये तो माणसाच्या डोळ्यावर वापरला गेला.

मधुमेहात मात्र प्रकाश नेमका कुठे मारायचा? बोस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमधल्या विल्यम बीटहॅम आणि लॉइड आयेलो यांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. ज्या मधुमेही रुग्णांच्या एका डोळ्याच्या पडद्यावर जुन्या आजाराचे मोठाले व्रण होते, त्या डोळ्यात कच्च्या रक्तवाहिन्या उगवतच नव्हत्या. दुसरा, निरोगी वाटणारा डोळा मात्र रक्तानं भरत होता. डागाळलेला डोळा वाचतो आणि स्वच्छ डोळा जातो! मग त्यांनी मुद्दामच पडद्याच्या कडेकडेच्या भागात लेसरचे शेकडो बारीक डाग दिले. फुटणाऱ्या वाहिन्यांना हातही न लावता त्या सुकू लागल्या. यामागचं कारण आज असं सांगतात. कडेचा उपाशी पडदा भाजून शांत केला, की प्राणवायूची मागणी घटते, हाका मारणारं तोंड कमी होतं, आणि मधल्या, वाचण्या-ओळखण्याच्या भागाला जगायला पुरेसं मिळतं.

हे खरं की डॉक्टरांचा भास? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पंधरा केंद्रांवर सतराशेहून अधिक रुग्णांवर याची परीक्षा झाली. परीक्षेची रीत साधी होती. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्याला प्रकाशाचे डाग द्यायचे, दुसरा तसाच ठेवायचा. कुठला डोळा, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. १९७६ मध्ये निकाल इतका स्पष्ट आला, की ठरल्या वेळेआधी जाहीर करून दुसऱ्या डोळ्यावरही उपचार सुरू करण्यात आले. गंभीर दृष्टिनाशाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं.

१९७६. माझ्या अब्बांच्या डोळ्यात रक्त उतरण्याच्या दोन वर्षं आधी.

लेसर फुकट काही देत नाही, हेही सांगायला हवं. पूर्ण उपचारात बाराशे ते सोळाशे डाग, कधी त्याहून जास्त दिले जातात. कडेची नजर थोडी आकसते, अंधारात चाचपडायला होतं. मध्य वाचवण्यासाठी कडा द्यायच्या, असा हा सौदा आहे. आणि आधीच सांडलेलं रक्त लेसर काढू शकत नाही. रक्त दाट असेल तर लेसरचा किरण पडद्यापर्यंत पोचतच नाही.

ते काम तिसऱ्या वाटेचं. डोळ्याची पोकळी काचेसारख्या स्वच्छ, जेलीसारख्या द्रावानं भरलेली असते. जेमतेम चमचाभर. शतकानुशतकं या जेलीला हात लावायचा नाही, असा शस्त्रक्रियेचा दंडक होता. मोतीबिंदू काढताना ती बाहेर आली तर डॉक्टरांच्या पोटात गोळा यायचा. १९६०च्या दशकात मायामीच्या डेव्हिड कॅस्नर यांनी दाखवलं, की जेली काढून टाकली तरी डोळा तगतो. तिथेच काम करणारे जर्मनीहून आलेले रॉबर्ट माखेमर यांनी घरच्या गॅरेजमध्ये छोटं ड्रिल आणि अंड्याचा पांढरा बलक घेऊन प्रयोग सुरू केले. अंड्यातला पांढरा भाग चिकट, तारा धरणारा, थेट डोळ्यातल्या जेलीसारखा. जेली कापायची, ओढून घ्यायची आणि तेवढंच पाणी आत सोडायचं, अशी तिन्ही कामं करणारी एकच नळी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली. एप्रिल १९७० मध्ये त्यांनी एका मधुमेही रुग्णाच्या डोळ्यात साचून राहिलेलं रक्त या बंद पद्धतीनं धुऊन काढलं. डोळा उघडा न टाकता, बुबुळाच्या कडेच्या छिद्रातून. या शस्त्रक्रियेला विट्रेक्टमी म्हणतात.

मग प्रश्न आला, थांबायचं किती? कारण थोडं रक्त शरीर स्वतःच शोषून घेतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दाट रक्त उतरलेल्या मधुमेही डोळ्यांचे दोन गट केले होते. एका गटात लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यात वर्षभर वाट पाहणं. दोन वर्षांनी चांगली नजर लवकरच्या गटात सुमारे २५ टक्क्यांना, थांबलेल्या गटात १५ टक्क्यांना मिळाली. लहान वयात मधुमेह झालेल्यांत हा फरक आणखी मोठा होता. थांबणं हा इलाज असू शकतो, पण त्याला मुदत लागते. आणि पडदा फाटून रक्त आलं असेल तर थांबण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून तर रक्ताआडचा पडदा सोनोग्राफीनं तपासतात.

चौथी वाट म्हणजे तो हरवलेला ‘एक्स’ घटक. बोस्टनचे ज्युडा फोकमन १९७१ पासून सांगत होते, की कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवते, त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी असं हाक मारणारं प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव ‘व्हीईजीएफ’. १९९४ मध्ये लॉइड पॉल आयेलो आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रावात हेच प्रथिन भरपूर असल्याचं दाखवलं. नाव ओळखीचं वाटलं ना? लेसरवाल्या आयेलोंचे हे चिरंजीव. वडिलांनी ज्याची हाक बंद केली, त्याचं नाव मुलानं शोधून काढलं.

या प्रथिनाला बांधून ठेवणारं अॅव्हास्टिन हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झालं. २००५ मध्ये मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी छोटा अंश डोळ्यात टोचून पाहिला. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेलं ल्युसेंटिस आलं. तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका डोसची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती, तर अॅव्हास्टिनचा डोळ्यापुरता डोस पन्नासेक डॉलरना मिळत होता. म्हणून गरिबांच्या जगात, आणि श्रीमंतांच्याही, कर्करोगाचं औषध डोळ्यात टोचणं चालू राहिलं. ही इंजेक्शनं कडेची नजर खात नाहीत, पडद्याची सूज उतरवतात. पण त्यांचा असर काही आठवड्यांचा. पुन्हा पुन्हा यावं लागतं. रुग्ण मध्येच यायचा थांबला, तर नुसत्या इंजेक्शनांवर सोडलेला डोळा लेसर झालेल्या डोळ्यापेक्षा वाईट बिघडू शकतो. ज्याची मजुरी बुडते, ज्याला एसटीनं तीन तास यावं लागतं, त्याच्यासाठी ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

मग इंजेक्शन की ऑपरेशन? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मधुमेहानं दाट रक्त उतरलेल्या डोळ्यांवर दोन्ही इलाज ताडून पाहिले गेले. सहा महिन्यांच्या सरासरीत नजरेत फारसा फरक पडला नाही. शस्त्रक्रियेनं रक्त लवकर निवळलं. इंजेक्शनच्या गटातल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना दोन वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. म्हणजे ‘सर्वोत्तम इलाज’ नावाची एक चीज नाही. दुसरा डोळा कसा आहे, पोट कशावर चालतं, पुन्हा यायला जमेल का, यावर उत्तर बदलतं.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, महिनाभर वाट पाहिली, रक्त खाली बसल्यावर तीन बैठकांत लेसर केलं. डाव्या डोळ्यातही लेसर झालं, रक्त येण्याआधीच. रात्री मी आता जिना मोजून उतरतो. संध्याकाळचा मुशायरा असेल तर सोबत कुणीतरी लागतं. पण प्रुफं मी स्वतः वाचतो.

दोन गोष्टी जाता जाता. हृदयासाठी अॅस्पिरिन घेणारे अनेक मधुमेही ‘डोळ्यात रक्त येईल’ या भीतीनं गोळी परस्पर बंद करतात. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अॅस्पिरिनमुळे डोळ्यातला रक्तस्राव वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. आणि दुसरी, सगळ्या यंत्रांच्या आधीची गोष्ट. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलं, की रक्तातली साखर काटेकोर सांभाळली तर पडद्याचा विकार खूपच कमी होतो. रक्तदाब सांभाळण्याचाही तसाच उपयोग आहे.

१९७६ मध्ये मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. १९७८ मध्ये बोस्टनला पडद्याचं शिक्षण घेतलेल्या डॉ. बद्रीनाथ यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय उभं केलं. या आणि अशा संस्थांत शिकलेले डॉक्टर गावोगाव गेले, तेव्हा कुठे चार वाटा तालुक्यापर्यंत आल्या. २०१६ मध्ये संगणकाला पडद्याचे फोटो ओळखायला शिकवलं गेलं, त्यातही या रुग्णालयांतल्या भारतीय रुग्णांचे फोटो होते.

म्हणजे आता इलाज पोचला आहे. पोचायचे आहोत आपण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि या आजाराची खोड अशी, की जोपर्यंत इलाज सोपा असतो तोपर्यंत नजर उत्तम असते. काही दुखत नाही, काही दिसत नाही, म्हणून माणूस जात नाही. आज सांगितलेल्या चारही वाटा उरलेलं वाचवतात, मेलेला पडदा कुणीच परत देत नाही. म्हणून प्रौढ वयात मधुमेह निघाला तर त्याच महिन्यात, लहान वयात निघाला तर पाच वर्षांच्या आत, दिवस राहिलेल्या मधुमेही बाईनं अगदी सुरुवातीला, आणि मग दर वर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. चार तास अंधुक दिसतं, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, कामाचा एक खाडा पडतो. घरात मधुमेही माणूस असेल, तर त्याला सोबत करायला हा एक दिवस काढा.